"मँचेस्टर आमच्या कापसावर वाढलं": अकरावीच्या वर्गातलं एक प्रकरण

युनिट टेस्टचे पेपर मी एसटीतच तपासते, यवतमाळला परत येताना पाऊण तास मिळतो, मांडीवर गठ्ठा, हातात लाल पेन, आणि खड्डा आला की टिकमार्कची शेपटी लांबते. तर त्या दिवशी एका पेपरवर पेन थांबलं. प्रश्न पाच मार्कांचा, औद्योगिक क्रांतीच्या काळात शहरं का वाढली ते उदाहरणासह लिहा. पोरानं लिहिलं होतं, "मँचेस्टर हे शहर यवतमाळ जिल्ह्यातील कापसामुळे वाढले." मला हसू आलं. पुढचा पेपर घेतला तर तेच, फक्त यवतमाळच्या जागी वऱ्हाड. मग सगळा गठ्ठाच चाळला. ३१ पेपर होते आणि ११ जणांनी कमी-जास्त हेच लिहिलेलं. कॉपी म्हणावं तर शब्द वेगवेगळे, बसायच्या जागा पण वेगवेगळ्या. अकरा जण एकच चूक करतात म्हणजे ती कुठून तरी एकाच ठिकाणाहून आली, आणि त्या महिन्यात त्यांना मँचेस्टर शिकवणारी अख्ख्या तालुक्यात बहुतेक मीच एकटी होते.

हे सगळं नीट लिहून ठेवते आहे कारण चूक कशी झाली ते मला टप्प्याटप्प्यानं आठवतं, आणि प्रत्येक टप्प्यावर मला वाटत होतं की वर्ग मस्त चाललाय.

वर्ग आणि मी

आमचं ज्युनियर कॉलेज दारव्ह्याकडच्या एका गावात, हायस्कूललाच जोडलेलं, आर्ट्सची एक तुकडी. पटावर ४४ पण कापूस वेचणीच्या दिवसात वर्गात वीस आले तरी खूप झाले, बाकीचे वावरात. बरेच कास्तकारांचे पोरं, बरेच मजुरी करणाऱ्यांचे, दोघा-तिघांच्या घरी किराणा नाहीतर पानठेला. बारावीला युरोप येतो, औद्योगिक क्रांती येते, वसाहतवाद येतो, म्हणून अकरावीच्या शेवटी शेवटी मी पाच-सहा पिरियड शहरीकरणावर घेते. पुस्तकात नसलं तरी. नाहीतर बारावीत पोरांना लंडन-मँचेस्टर म्हणजे नुसती पाठ करायची नावं वाटतात.

आधीची काही वर्षं मी हे सरळ पॉइंट काढून द्यायचे. उरुक, मोहेंजोदडो, रोम, मग एकदम उडी मारून मँचेस्टर. कारणं सात, परिणाम सहा. पोरं लिहून घ्यायची, मी पण मोकळी. परीक्षेत सगळ्यांचं उत्तर एकच यायचं, "खेड्यातील लोक शहराकडे गेले यालाच शहरीकरण म्हणतात", आणि मी मार्क देऊन टाकायचे. ते पूर्ण चूक नाही पण पूर्ण बरोबर पण नाही, त्याबद्दल पुढे येतेच.

मागच्या बाकावरून आलेला प्रश्न

या वर्षी मी फळ्यावर फक्त दोन आकडे लिहिले. मँचेस्टर १८०१, सुमारे ७५ हजार. मँचेस्टर १८५१, ३ लाखाच्या वर. पन्नास वर्षांत चौपट. आणि खाली लिहिलं की १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये निम्म्याहून जास्त लोक शहरात राहणारे निघाले, जगात कुठल्याही मोठ्या देशात हे आधी झालं नव्हतं, आणि अख्ख्या जगाला तिथं पोचायला २००७ च्या आसपासचं साल उजाडलं. मग म्हटलं, या गावात असं काय होतं? कोणीतरी म्हणालं कारखाने. कशाचे? कापसाचे, सुताचे, कपड्याचे. कापूस म्हटल्याबरोबर वर्ग थोडा हलला. आणि मागच्या बाकावरून, जो पोट्टा वर्षभरात हजेरीशिवाय तोंड उघडत नाही, तो बोलला:

"मॅडम, कापूस तं आपल्या इकडं पिकते, तिकडं बरफ पडते, मंग शहर तिकडं काऊन झालं?"

खरं सांगते, सगळ्या कारणांच्या यादीपेक्षा हा एक प्रश्न भारी आहे. इंग्लंडमध्ये कापसाचं एक बोंड पिकत नाही. जिथं पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, उभी राहते तिथं गाव गावच राहिलं, आणि जिथं ती उगवूच शकत नाही तिथं ३ लाखांचं शहर झालं. मी त्याला उभं करून प्रश्न परत विचारायला लावला, मग फळ्यावर लिहिला, आणि म्हटलं आता पाचही पिरियड याच प्रश्नाचे.

पहिले दोन पिरियड चांगले गेले, आजही तसंच वाटतं. कोळसा समजायला पोरांना वेळ लागला नाही कारण वणी बाजूच्या खाणी सगळ्यांना माहीत, कोणाचा ना कोणाचा मामा तिथं ट्रकवर असतोच. १७६१ ला ब्रिजवॉटरचा कालवा झाला, खाणीतला कोळसा नावेतून थेट मँचेस्टरात यायला लागला आणि कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला, हे सांगितल्यावर एक जण म्हणाला म्हणजे भाडं वाचलं. हो, भाडं वाचलं, इतकंच. मग लिव्हरपूलचं बंदर, १८३० ला लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे. मग भांडवल, त्यातलं काही गुलामांच्या व्यापारातून आलेलं. मग राज्य, म्हणजे हिंदुस्थानी कापडावर तिकडं जकात लावायची आणि आपलं कापड इकडं ओतायचं. वाफेचं इंजिन मी पटकन उरकलं, आकृती त्यांना विज्ञानात येऊन गेली होती.

तिसऱ्या पिरियडला मी बोंड घेऊन गेले. आणि इथून घसरायला लागले, तेव्हा कळलं नाही.

रुई, सरकी आणि माझा उत्साह

बोंड फोडून सरकीपासून रुई ओढायला लावली, एकेक तंतू ताणून फूटपट्टीवर धरायचा. पोरींची बोटं यात पोरांपेक्षा चपळ, वेचणीची सवय. मी सांगितलं की १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, तिथल्या दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टर ज्या परगण्यात आहे तिथल्या, गिरण्या बंद पडल्या, लाखो मजुरांच्या घरच्या चुली विझल्या, आणि साहेब लोकांची नजर वळली आपल्याकडे. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलेलं. कापूस मुंबईला न्यायचा तर रेल्वे पाहिजे, १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, खामगावसाठी जलंबवरून वेगळा फाटा काढला, तो १८७० मध्ये सुरू झाला आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय! पोरांना खामगाव म्हणजे चांदी आणि एसटी बदलायचा स्टँड.

आणि मग मी शकुंतला काढली. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, कापूस वाहायलाच एका ब्रिटिश कंपनीनं टाकलेली लाइन, दारव्ह्याला तिचं स्टेशन, आता गाडी बंद. अर्ध्या वर्गाचे आजोबा त्या गाडीत बसलेले. एकीचा आजा तर म्हणे चालत्या गाडीतून उतरून लघवी करून परत चढायचा, इतकी ती हळू. वर्ग हसून हसून लोळला. मी पण इतकी रंगले की शेवटी बोलून गेले, "म्हणजे बघा, तुमच्या आजोबाच्या पणजोबानं वेचलेल्या कापसावर मँचेस्टर उभं आहे."

हेच ते वाक्य. घंटा झाली, पोरं गेली, वाक्य त्यांच्या वहीत राहिलं.

बरं त्यात अजून एक गोची. लँकेशायरचे गिरणी कामगार हिंदुस्थानी कापसावर वैतागायचे, सगळ्याला सरसकट "सुरत" म्हणायचे, तंतू आखूड, सूत सारखं तुटायचं, मजुरी कापली जायची. हे मी सांगितलं होतं, पण फूटपट्टीवर जो तंतू ताणला तो आजच्या बीटीचा, जो मुळात अमेरिकन जातीचा लांब धाग्याचा कापूस. १८६० च्या वऱ्हाडातली देशी पऱ्हाटी वेगळीच. म्हणजे प्रॅक्टिकल जोरदार आणि नमुनाच चुकीचा. हे मला आठवडाभरानं लक्षात आलं, कोणी विचारलं नव्हतं म्हणून आत्तापर्यंत गप्प होते.

सतरा वर्षं

चौथा पिरियड मात्र मला अजून आवडतो. १८४२ चा चॅडविक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा रिपोर्ट आहे, इंग्लंडमधल्या मजुरांच्या वस्त्या किती घाण आहेत यावर. त्यात मृत्यूच्या वेळचं सरासरी वय दिलंय. रटलंड नावाच्या खेडवळ परगण्यात मजुरांच्या कुटुंबांचं ३८, मँचेस्टरमध्ये मजुरांच्याच कुटुंबांचं १७. फळ्यावर १७ लिहिलं आणि मागं वळले तर वर्ग गप्प. माझ्यासमोर बसलेली सगळी सोळा-सतरा वर्षांचीच.

"म्हणजे मॅडम आपण आतापावतो मेलो असतो?"

नाही. मी पाच पोरांना पुढं बोलावलं, पाच कागद दिले. त्यावर वयं: १, १, २, ४०, ४१. बेरीज करा. ८५. भागिले पाच. १७. आता यात सतराव्या वर्षी कोण मेलं? कोणीच नाही. तिघं पाळण्यात गेले आणि दोघं चाळिशीत. एक वर्षाचा कागद धरलेला पोट्टा उंचीनं वर्गात सगळ्यात मोठा, त्यामुळे परत हसणं, पण गोष्ट डोक्यात बसली. मँचेस्टर मोठ्या माणसांना थकवत होतं आणि लेकरांना मारत होतं, पाणी खराब, संडास नाहीत, तळघरात कुटुंब. पुढं १८४८ चा आरोग्य कायदा, लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटमध्ये घुसली आणि मग कुठं मोठी गटारं मंजूर झाली, हे मी पाच मिनिटात सांगून टाकलं.

कारण पोरांचा प्रश्न दुसरा होता. इतके मरत होते तर जात काऊन होते? मी वर्गालाच विचारलं. एक म्हणाला गावात वावर राहिलं नसंल. बरोबर, तिकडं सार्वजनिक कुरणं आणि पडीक जमिनी कायद्यानं कुंपणात गेल्या, ज्याच्याकडे कागद नाही त्याची गायही चरायची बंद. आयर्लंडमधून तर १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लोंढेच्या लोंढे आले. आणि एक मुलगी, खिडकीजवळ बसते ती, हात न वर करता बोलली, "माहा भाऊ पुण्याले एका खोलीत सात जणाईसोबत राह्यते, पाणी रात्री दोन वाजता येते, पण दिवाळीले आला का दोन दिवसात कंटाळते. म्हणते इथं काय आहे."

मी पुढं काही जोडलं नाही. जोडायसारखं काही नव्हतंच.

होमवर्कचा गोंधळ

आता जे लिहिते ते लिहायची इच्छा नाही पण प्रकरणात ते नसेल तर हे सगळं फसवं होईल. त्या मुलीचं बोलणं ऐकून मला वाटलं की लोखंड तापलंय, आणि मी होमवर्क दिला: तुमच्या घरातून शहरात कोण गेलं, कधी, का, परत आलं का, एक पान लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. एका वहीत पानाच्या वर "आमच्या घरातून" इतकंच, खाली कोरं. मी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, काय गं, तुझ्याकडून कोणीच गेलं नाही का? ती उभी राहिली आणि उभीच. बाजूची म्हणाली, मॅडम जाऊ द्या. मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या मावशींनी सांगितलं की तिचे वडील चार वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेले ते आलेच नाहीत, फोन लागत नाही, आई मजुरी करते आणि गावात कोणी त्यावर बोलत नाही. मी त्या गावात सात वर्षं येते, एसटीतून उतरते, शिकवते, एसटीत बसते. मला माहीत नव्हतं. माहीत नसताना घरात डोकावणारा प्रश्न विचारायचा नव्हता, आणि विचारलाच तर वर्गात तरी नाही.

तिच्याशी नंतर बोलले, सॉरी म्हटलं, ती "काही नाही मॅडम" म्हणाली. त्या पिरियडपासून तिची जागा दोन बाकं मागं गेली, मला दिसतं ते.

होमवर्क मी त्याच दिवशी मागं घेतला, आलेली पानं न वाचता परत केली, आणि बदलून दिला. घरातलं काही लिहायचं नाही. दोघा-दोघांनी एक गल्ली घ्यायची, दारं मोजायची, कायमचं कुलूप लागलेली किती ते मोजायचं, कोणाचं घर ते लिहायचं नाही, आणि शेजारच्यांना फक्त इतकं विचारायचं की चावी कोणाकडे असते आणि लोक कुठल्या गावाला गेले.

हे काम मात्र झक्कास झालं. एका गल्लीत २३ दारं, ६ कुलपं. दुसरीत कुलूप एकच पण चार घरांत फक्त म्हातारं-म्हातारी. एका जोडीनं लिहिलं की कुलूप आहे पण तुळशीला पाणी आहे, शेजारीण घालते. चावी बहुतेक ठिकाणी भावाकडे, दोन ठिकाणी किराणावाल्याकडे.

आणि गेले कुठं याची यादी काढली तर पोरं चमकली, मी पण. सगळ्यांना वाटत होतं पुणे पुणे पुणे. पुणे होतंच, चाकणच्या कंपन्या, नागपूरकडे बुटीबोरी, एक घर सुरतला. पण जास्त घरं गेली होती दारव्हा, दिग्रस, यवतमाळ. लेकरांच्या शाळेसाठी, दवाखान्याजवळ राहायला, नोकरीच्या गावाला. म्हणजे पंचवीस-पन्नास किलोमीटर.

रॅव्हेनस्टाईन नावाच्या माणसानं १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे घेऊन हेच लिहिलंय, की बहुतेक लोक लांब जातच नाहीत, जवळच्या गावाला जातात, तिथून रिकामी झालेली जागा अजून लांबचे भरतात, असं पायरी पायरीनं माणूस मोठ्या शहरात पोचतो. आणि त्यानं अजून एक लिहिलं होतं की जवळच्या अंतरात बाया पुरुषांपेक्षा जास्त हलतात. मी हे वाचून दाखवल्यावर पहिल्या बाकावरची एक फटकन म्हणाली, "त्यात काय मॅडम, लग्न झालं का जाच लागते." आपल्या जनगणनेतही बायांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्नच निघतं. तिनं रॅव्हेनस्टाईन न वाचता सांगितलं, आणि तिच्या आवाजात फार आनंद नव्हता.

याच धाग्यात मी ते "खेड्यातून शहराकडे जाणं म्हणजे शहरीकरण" वालं वाक्य पण खोललं. आपली जनगणना गावाला शहर कधी म्हणते? नगरपालिका वगैरे असली तर प्रश्नच नाही, नसली तर तीन अटी: लोकसंख्या किमान ५ हजार, कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. म्हणजे एखादं गाव जागचं न हलता शहर होऊ शकतं, कोणी कुठं न जाता. आणि शहरात जन्मणारी लेकरं वेगळीच. २०११ ला भारत ३१ टक्के शहरी, महाराष्ट्र ४५, गडचिरोली जिल्हा ११ च्या आसपास, हे तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले की पोरं आपोआप बोलायला लागतात. आपलं गाव कधी शहर होईल यावर दहा मिनिटं भांडण झालं. लोकसंख्येची अट जमंल म्हणे, पण बायांची कामं का मोजत नाही? मला वाटतं तो अख्ख्या युनिटमधला दोन नंबरचा चांगला प्रश्न.

परत पेपरकडे

तर इतकं सगळं झाल्यावर टेस्ट, आणि एसटीत ते ११ पेपर.

स्टाफरूममध्ये दाखवले तर एक सर म्हणाले, द्या नं मॅडम मार्क, पोरांनी निदान स्वतःचं काही लिहिलं. दुसऱ्यांचं म्हणणं सरळ चूक आहे, शून्य द्या. मला दोन्ही पटेना. पोरांना कापूस, गिरणी आणि शहर यातलं नातं कळलं होतं, फक्त क्रम उलटा झाला होता आणि तो मीच उलटा केला होता, त्या घंटेच्या आधीच्या एका वाक्यात. आपल्या गावाचं नाव जगाच्या इतिहासात दिसलं की बरं वाटतं, पोरांना आणि बाईला पण. त्या बरं वाटण्यात तारखा वाहून गेल्या.

अर्धे मार्क दिले आणि पेपर वाटायच्या आधी एक पिरियड घेतला. सुतळी. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत बांधली, दहा वर्षांना एक फूट असं माप धरलं, १७६० पासून २०१० पर्यंत २५ फूट, वर्ग बरोबर तितका लांब निघाला. कागद पोरांनी लिहिले, घरून कपड्याचे चिमटे आणले. चुकलेल्या अकरा जणांना मी मुद्दाम कागद लावायला उभं केलं, चुकले म्हणून नाही सांगितलं, हजेरी नंबरनं बोलावल्यासारखं दाखवलं.

१७६१ कालवा, लागला. १८०१ मँचेस्टर ७५ हजार. १८३० रेल्वे. १८५१ मँचेस्टर ३ लाख. मग ज्यानं "यवतमाळ जिल्ह्यातील कापसामुळे" लिहिलं होतं त्याच्या हातात १८५३ चा कागद, वऱ्हाड इंग्रजांकडे. तो जागा शोधायला लागला. दोन वर्षं म्हणजे दोन-अडीच इंच, कागद एकमेकावर चढायला लागले, चिमटा बसेना. तो थांबला, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.

"मॅडम, हे तं आधीच मोठं होऊन गेलं होतं."

हो.

"मंग कोणाच्या कापसावर?"

आता खरं उत्तर द्यायची वेळ होती जे मी तिसऱ्या पिरियडला शकुंतलेच्या नादात अर्धवट सोडलं होतं. १८६१ च्या आधी इंग्लंडमध्ये येणाऱ्या कापसातला सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, आणि तो लावणारे, निंदणारे, वेचणारे गुलाम. आफ्रिकेतून आणलेल्यांची लेकरं-नातवंडं, विकत घेता येतील अशी माणसं. मँचेस्टर वाढलं ते त्यांच्या वेचणीवर. आपला कापूस अमेरिकेचा अडला तेव्हा कामी आला, तोपर्यंत शहर उभं होतं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव धपकन पडला, मुंबईत कित्येक पेढ्या बुडाल्या. भाव पडणं समजवावं लागलं नाही.

मग खिडकीजवळची तीच मुलगी, जिचा भाऊ पुण्याला: "मंग त्या वेचणाऱ्या लोकाईचं शहर कुठी झालं?"

मी हे तयार करून नव्हते गेले, पण आठवत होतं ते सांगितलं. गुलामी १८६५ ला कायद्यानं संपली पण त्यांच्यातले बहुतेक त्याच वावरात बटईनं राहिले, कर्जात. साधारण १९१० ते १९७० मध्ये जवळपास ६० लाख काळे लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरात गेले. तिथल्या गोऱ्यांची वागणूक हे मोठं कारण, तिकडच्या कारखान्यातली मजुरी हे दुसरं, आणि कापसावर आलेला बोंडातला सोंड्या किडा हेही एक. "बोंडअळी?" चार जण एकदम. नाही, आपली गुलाबी अळी पतंगाची, तो भुंग्याच्या जातीचा, पण कास्तकाराच्या घरात जे व्हायचं ते तेच. शिकागो १८५० ला ३० हजारांचं गाव होतं, १९०० ला १७ लाखांचं, आणि हे लोक तिथं पोचले तेव्हा चांगल्या वस्तीत त्यांना खोली मिळत नव्हती. हे कागद पोरांनी नंतर स्वतः करून लावले.

शेवटी १८७७, नागपूरची एम्प्रेस मिल. १ जानेवारीला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून ते नाव. जमशेदजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं कारण कापूस जवळ, वरोऱ्याकडचा कोळसा जवळ, रेल्वे आलेली. मागच्या बाकावरचा पोट्टा, ज्याच्या प्रश्नावर सगळं सुरू झालं तो, म्हणाला, "म्हणजे शहर इकडं पण झालं होतं." झालं होतं. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर, सगळीकडे गिरण्या निघाल्या. "मंग बंद काऊन पडल्या?" मी घड्याळ पाहिलं, सात मिनिटं उरली होती. सात मिनिटात कसं सांगायचं, तो प्रश्न बारावीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव म्हटलं. लिहिला की नाही ते जूनमध्ये कळेल.

पुढच्या वेळी

सुतळी पहिल्याच दिवशी बांधणार, बोंड नंतर. शकुंतला सांगणार, आजाची लघवी पण सांगणार, पण १८५१ चा कागद आधी लटकलेला असेल. देशी पऱ्हाटीचं बी कोणाकडे मिळतं का बघते आहे, एका पोरीचा मामा म्हणतो धुऱ्यावर दोन झाडं आहेत. घरातलं विचारायचं नाही, गल्लीतलं विचारायचं. आणि गुलामांचं प्रकरण पहिल्या दोन पिरियडमध्येच, बंदर शिकवतानाच, कारण ते मागं ढकललं की त्याची जागा आपलं कौतुक घेतं.

तोच प्रश्न मी परत लिहायला दिला, बिनमार्कांचा. ११ मधल्या ८ जणांनी क्रम बरोबर लावला. दोघांनी परत तेच लिहिलं. आणि एकानं लिहिलं, "मँचेस्टर अमेरिकेतील गुलामांच्या कापसामुळे वाढले, नंतर आपला पण नेला, पैसे मात्र तिथेच राहिले." शेवटच्या तुकड्यावर मी लाल पेन नेलं होतं, पैसे सगळेच तिथं राहिले का, मुंबईच्या दलालांचं काय, खामगावच्या अडत्यांचं काय, असं लिहिणार होते, मग खड्डा आला.

सुतळी अजून वर्गात आहे. पाचवीची पोरं दुपारी तिथं बसतात, त्यांनी २०१० च्या पुढं स्वतःची नावं लिहून कागद लटकवलेत. १८७७ चा कागद उंदरानं खाल्ला, नवीन करायचा आहे.